बिनझाकणाचा करंडक

दिवाळी होऊन गेली, उटण्याचा वास न्हाणीतून पुसला गेला, की चिखलीच्या मागच्या माळावर गाड्या गुरगुरायला लागतात. मी तेव्हा शिलाई मशीनवर बसलेली असते, समोर कुठल्यातरी कंपनीच्या निळ्या शर्टांचा ढीग. खिसा लावता लावता कान तिकडे जातो. गाडी चढा आवाज काढत जाते, मग एकदम गप्प होते, मग पुन्हा चढते. वळण आलं असणार. माळावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, जेसीबीनं मुरूम सपाट केलेला असतो, आणि थंडीत त्या मुरमाची धूळ आमच्या गल्लीपर्यंत येऊन दोरीवरच्या कपड्यांवर बसते. बाया कुरकुरतात. मी नाही कुरकुरत. अभीच्या करंडकाचे दिवस आले हे मला त्या धुळीवरून कळतं.

आणि हे दिवस आले की कुणीतरी नवखा हमखास विचारतो, "वहिनी, त्या करंडकाला झाकण का नाही हो?"

मला असे प्रश्न आवडतात. मुळात मीच भोचक. दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय ते बघितल्याशिवाय हिच्या घशाखाली घास उतरत नाही, असं आमचे यजमान चारचौघांत सांगतात. सांगू देत. पण प्रश्न बरोबर आहे. चांगला घागरीएवढा पितळी करंडक, दोन बाजूंना दोन नक्षीदार कान, खाली लाकडी बैठक, तिच्यावर अभीचं नाव. आणि वर नुसतं उघडं तोंड. असल्या करंडकाला घुमटासारखं झाकण असतं, झाकणाच्या टोकाला हात वर केलेला एक छोटा माणूस असतो. याचंही झाकण आहे. ते शेजारी कुसुमकाकूंच्या स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्यावर असतं. दूध उतू जायला लागलं की काकू त्या छोट्या माणसाला सांडशीनं कमरेत धरून उचलतात. विजयाचे हात वर केलेला तो बिचारा वाफेत न्हाऊन निघतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू आवरत नाही. का ठेवलंय ते कळल्यावर हसू जातं.

अभी म्हणजे काकूंचा मुलगा, दोन बहिणींच्या पाठीवरचा. हे घर चिखलीतलं जुनं, गावकीतलं. जिथं पूर्वी कांदा व्हायचा तिथं अभीच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, गाळे बांधून भाड्यानं दिलेत आणि दिवसभर लेथ मशीनचा किरकिराट चालू असतो. अभीला गाड्यांचं वेड लागलं ते त्या गाळ्यांत उंडारूनच. जुनी पुराणी गाडी घ्यायची, आतल्या सीटा उपसून काढायच्या, पाइपचा पिंजरा वेल्ड करून बसवायचा आणि मातीच्या रिंगणात घड्याळाविरुद्ध पळवायची. एका वेळी एकच गाडी, कमी वेळ लावेल तो जिंकला. आमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यतीचं वेड रक्तातच आहे, त्यामुळे म्हाताऱ्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बैलांच्या जागी इंजिन, एवढाच काय तो फरक. बैलगाड्या पळतात त्या धावपट्टीला घाट म्हणतात, तर या रिंगणालाही सगळे घाटच म्हणायचे.

एकदा तो शर्यतीचा सूट घेऊन माझ्याकडे आला. कुणाचा तरी वापरलेला, ढगळ. "वहिनी, कमरेत घ्या जरा. आत अजून एक माणूस बसेल."

कापड हाताला जाडजूड लागलं. मी विचारलं, "एवढं जाड कशाला रे?"

"आग लागली तर," तो म्हणाला. पाऊस आला तर छत्री असावी, तशा सुरात.

मग काय, मला निमित्तच मिळालं. जोरात जाताना भीती वाटते का? डोळ्यांपुढे काय दिसतं? पोटात कालवतं का? तो टेलरिंगच्या स्टुलावर बसून सगळ्याची उत्तरं देत होता. "काय दिसतं ते कसं सांगू, वहिनी? तुम्ही सुईत दोरा ओवता तेव्हा तुम्हाला काय दिसतं?"

"सुईचं भोक."

"मग झालं तर."

अजूनही दोरा ओवताना कधी कधी माझा हात थांबतो. वेग म्हणजे सगळं भराभर मागे पळणं असं मला वाटायचं. आणि हा म्हणत होता की वेग म्हणजे एकच गोष्ट दिसणं. खरंखोटं कुणाला विचारायचं आता?

त्याच्याच गाडीतून एकदा मी कापडाचे गठ्ठे आणायला गेले होते. तळवडे चौकात नेहमीची कोंडी. कंपन्यांच्या बसा, टेम्पो, मधूनच घुसणाऱ्या मोटरसायकली. हा पठ्ठ्या इतका हळू चालवत होता की रिक्षावाले आमच्याकडे कीव केल्यासारखे बघून पुढे जात होते. मी म्हटलं, "अरे, शर्यतवाला ना तू? माझे यजमान सायकलवर तुझ्या आधी पोचतील."

तो हसला नाही. "रिंगणात मला पट्टा आहे, हेल्मेट आहे, पिंजरा आहे. आणि समोरून कुणी येत नाही. इथं मी घाबरतो, वहिनी."

असं म्हणणारा पोरगा रस्त्यावरच गेला. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक परस्पर ठरवून मोकळे होतात. रेसर होता ना, मग रेसमध्येच गेला असणार! नाही. चाकणच्या पुढे एका मैदानावर शर्यत होती. ती तो जिंकला. गाडी टेम्पोत चढवून दिली आणि स्वतः मित्राची मोटरसायकल घेऊन घरी निघाला. दिवेलागणीची वेळ. एका कंटेनरला ओलांडायला गेला. आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी जो आवाज उठला तो मला लिहायचा नाही. इतका भित्रा, इतका सावध पोरगा त्या दिवशीच घाईत का होता, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. काकूंना विचारायची माझीसुद्धा छाती झाली नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि तात्यांनी देवळापुढच्या पारावर बसून जाहीर केलं की दर थंडीत मागच्या माळावर शर्यत होणार आणि पोराच्या नावानं फिरता करंडक देणार. फिरता म्हणजे जिंकणाऱ्यानं वर्षभर घरी ठेवायचा आणि पुढच्या शर्यतीआधी आणून द्यायचा. टाळ्या पडल्या. तात्या घरी आले तर दारातच काकू.

"कुणाला इचारून सांगितलं?"

"अगं, नाव ऱ्हाईल त्याचं."

"नाव ऱ्हाईल आन् दुसऱ्याचं पोरगं जाईल. माझ्या पोराच्या नावानं लोकांची पोरं पळवू नका."

भिंतीला भिंत लागून, मला सगळं ऐकू येतं. तात्या आधी रागावले, मग समजावत राहिले, मग त्यांचा आवाज बारीक झाला. माणसाला मुलगा गेल्यावर त्याचं नाव चार लोकांच्या तोंडी ऐकावंसं वाटतं, त्यात त्यांचं काय चुकलं? आणि काकूंचं तरी काय चुकलं? अखेर काकू म्हणाल्या, "या वर्साला द्या. पारावर बोललाय, शबूद मोडू नका. पन त्यो एकदा घरात परत आला की मी उंबऱ्याबाहेर जाऊ देनार न्हाई. सांगून ठिवते." ते वर्षभर त्या घरात भाकरी वाढली जायची, पण तिच्याबरोबर शब्द वाढला जायचा नाही.

पहिली शर्यत मी बघायला गेले. न जाऊन कसं चालेल? घाटातलाच निवेदक आणला होता, त्याला बैलगाड्यांची सवय. गाडी सुटली की तो "भिर्रर्रर्र" करून ओरडायचा आणि मग जीभ चावून म्हणायचा, "गाडी नंबर सात, पब्लिकनं मागं सरा!" हलगी होती, गुलाल होता. काकू नव्हत्या. महाळुंग्याचा विशाल जिंकला, एका कंपनीत शिफ्टवर काम करणारा. घरचे परभणीकडचे, आई-वडील कामासाठी इकडे आलेले. त्याला फेटा बांधला, त्यानं करंडक डोक्यावर धरून नाचवला. त्या वर हात केलेल्या छोट्या माणसाला गुलाल लागला. तात्या रडले.

त्यानंतरची थंडी मला सगळ्यात जास्त आठवते. ती आली तशी मी भिंतीला कान लावूनच होते म्हणा ना. पलीकडे दोघंही वाट बघत होते, आणि दोघंही घाबरलेले होते. करंडक परत आला की काकू तो कपाटात घालून किल्ली कमरेला लावणार, आणि पारावर तात्यांची मान खाली जाणार. गावात शब्द म्हणजे शब्द असतो. माळावर गाड्या गुरगुरायला लागल्या, तसे तात्या आमच्या ओट्यावर येऊन बसायला लागले. "सुमन, तू बोल की तिच्याशी." मी काय बोलणार, कप्पाळ!

करंडक घेऊन विशाल आलाच नाही. त्याची आई आली. महाळुंग्याहून बस, मग सहाआसनी रिक्षा, मग चालत. नऊवारीच्या जुन्या पातळात बांधलेलं ओझं कमरेवर, कडेवर लेकरू घ्यावं तसं. काकूंनी दार उघडलं. मी अर्थातच काहीतरी मागायच्या निमित्तानं तिथं पोचले होते. वाटी बहुतेक साखरेची होती.

"इशाल आणतो म्हणला," ती बाई टेकत म्हणाली, "मीच म्हणलं, न्हाई, मी जाते. पोरांना काय कळतंय." तिनं पातळ सोडलं, झाकण उचललं. आत गच्च हुरडा. हिरवागार, कोवळा, वर लसणाच्या चटणीची पुडी.

काकू बघतच राहिल्या. "ह्ये कशाला?"

"आता माय! लोकाचं भांडं रिकामं कसं आणायचं?"

बाई म्हणाली ते इतक्या साधेपणानं म्हणाली की आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. खरंच की! शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतोच. पण करंडक हे भांडं आहे, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तात्यांच्या लेखी ते नाव होतं, काकूंच्या लेखी संकट.

मग तिनं आपणहून सांगायला सुरुवात केली. "टीव्हीवर न्हाई ठिवलं बघा. धूळ बसती. पिठाच्या डब्यापाशी ठिवलं, माझ्या नजरंसमोर. इशाल शिफ्टला निघाला, गाडीला किक मारली, की मी हात जोडायचे. अभ्या, तू तर या रस्त्यावरूनच गेलायस रे बाबा. माझ्या लेकरावर ध्यान ठिव." तिनं पदरानं करंडकाचा कान पुसला. "वर्सभर ध्यान ठिवलं त्यानं. आता तुमचं तुमी घ्या."

काकू उठून आत गेल्या. मला वाटलं चहा ठेवायला. बराच वेळ स्टोव्ह पेटल्याचा आवाजच येईना. मग चहा आला, काकूंचे डोळे लाल होते, आणि त्या बाईला त्यांनी परत जाताना खण-नारळ देऊन ओटी भरली. हुरडा आम्हाला वाटीभर मिळाला. इतका गोड हुरडा मी त्यानंतर खाल्लेला नाही.

चार-आठ दिवसांनी काकू माझ्याकडे आल्या. "सुमन, कल्हईवाला कुठं मिळंल गं?"

"कशाला?"

"करंडकाला आतून कल्हई करायचीय."

घ्या! पितळेच्या भांड्यात खायचं काही ठेवायचं असेल तर आत कथलाचा हात द्यावा लागतो, नाहीतर पदार्थ कळकतो. म्हणजे काकू करंडक स्वयंपाकात घेणार. तात्यांना हे कळलं तेव्हा ते ओट्यावर डोकं धरून बसले. "झालं. आता ही त्यात ताक ठिवनार. पोराच्या नावाचं ताक."

मलाही तसंच वाटलं, पण मला उत्सुकता भारी. काकूंना घेऊन मी निघाले. आता गंमत बघा. आमच्या भागात लोखंडाला जस्ताचा मुलामा देणारे आहेत, क्रोम चढवणारे आहेत, पावडर भाजून रंग देणारे आहेत. गल्लोगल्ली. जगातल्या गाड्यांचे सुटे भाग इथं चमकून बाहेर पडतात. पण एका भांड्याला कल्हई करायची म्हटली तर प्रत्येक जण तोंडाकडे बघतो. एका शेडमधला हिंदी बोलणारा भला माणूस म्हणाला, "आंटी, निकल कर दूं?" काकू म्हणाल्या, "तुझं निकल तुलाच लखलाभ." शेवटी आळंदीच्या वाटेला, झाडाखाली भाता लावून बसलेला एक म्हातारा सापडला. त्यानं कोळसे फुलवले, करंडक तापवला, नवसागर टाकला. पांढरा झोंबरा धूर उठला आणि मला लहानपणचं अंगण आठवलं. कथलाची कांडी आत फिरवून त्यानं कापसाच्या बोळ्यानं एक हात मारला, आणि पितळेचं पोट क्षणात चांदीसारखं झालं. काकू वाकून आत बघत राहिल्या. आत त्यांचाच चेहरा दिसत होता, जरा वाकडा.

"काय करणार आहात यात?" मी न राहवून विचारलं.

"बघशील."

शर्यतीच्या दिवशी पहाटेच खलबत्त्याचा आवाज आला. गेले तर काकू कांडलेल्या गव्हाची खीर घोटत होत्या. गूळ, सुंठ, खसखस, खोबरं. सगळं घर त्या वासानं भरलेलं. मी पाटावर बसले. डाव फिरवणारा हात न थांबवता त्या बोलल्या. मी काही विचारलं नव्हतं.

"त्या दिवशीबी खीरच केलती. त्याचा फोन आला, आई, जिंकलो. मी म्हनलं, मंग लवकर ये, खीर निवतीया. तर म्हनला, आलोच." डाव फिरत राहिला. "आलोच म्हनला, सुमन. माझ्या खिरीपायी घाई केली त्यानं."

मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. असलं उत्तर मिळण्यापेक्षा जन्मभर प्रश्नच पडलेला पुरला असता. मी नुसता त्यांच्या हातातला डाव घेतला आणि घोटत बसले. त्यांनी डोळे पुसले, मग करंडक पुढ्यात ओढला आणि त्यात खीर ओतायला लागल्या. अर्ध्यावर थांबल्या नाहीत. काठोकाठ भरला. झाकण उचललं, धुतलं आणि दुधाच्या पातेल्यावर ठेवून दिलं.

"चला," त्या तात्यांना म्हणाल्या. तात्या उभेच. "चला म्हनते ना! पारावर शबूद दिलाय न्हवं?"

काकू पहिल्यांदा माळावर आल्या. गाड्यांकडे मात्र त्यांनी बघितलं नाही, पाठ करून बसल्या, आणि दर वेळी इंजिन चढलं की माझा दंड धरत होत्या. वळ उठले माझ्या हातावर. त्या वर्षी जिंकला तो हिंजवडीत नोकरी करणारा एक चष्मेवाला पोरगा होता. फेटा बांधला, हलगी वाजली, आणि काकूंनी करंडक त्याच्या हातात दिला. तो सवयीनं डोक्यावर उचलायला गेला आणि तिथंच थबकला. खीर हिंदकळून त्याच्या मनगटावर आली.

"काकू, यात काय आहे?"

"खीर. घरी जाऊन आईला दे. आन् पुढच्या वर्साला रिकामं आनू नको."

"पण झाकण?"

"झाकन न्हाई."

"सांडेल ना वाटेत."

"मंग सांडू नको."

पब्लिक हसलं. निवेदकानं माइकवरून काहीतरी विनोद केला. पोरानं करंडक दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि पाय चाचपत, एकेक पाऊल टाकत तो आपल्या रोजच्या गाडीपर्यंत गेला. थोड्या वेळापूर्वी हाच पोरगा मुरूम उधळत गेला होता. त्याच्या मित्रानं पुढच्या सीटवर बसून करंडक मांडीत घेतला.

आता इतक्या थंड्या झाल्या. दर वर्षी करंडक उघड्या तोंडानं, भरून जातो, आणि दर वर्षी कुणाची तरी आई तो भरून पाठवते. कोकणातून आमसुलं आली, कुणाच्या तिळाच्या वड्या आल्या. एकटा राहणारा एक पोरगा बेकरीतली खारी कोंबून घेऊन आला होता, तर काकूंनी त्यालाच जेवायला बसवून घेतलं. काल संध्याकाळी काकूंनी गहू भिजत घातलेत. मी मशीनवर बसून माळावरचा आवाज ऐकतेय, आणि त्या पहिल्या वेळचा तो चष्मेवाला पोरगा डोळ्यांपुढे येतोय. त्यानं गाडी चालू केली, काच खाली घेतली. काकू खिडकीपाशी गेल्या. मी अर्थातच मागे.

"घाई करू नको बाळा," त्या म्हणाल्या. "गार झाली तरी चालतीया."

तो अगदी हळू निघाला, तसा काकूंनी पुन्हा माझा दंड धरला. रस्त्याला लागला तोच त्याच्यामागे टेम्पो, बस, कंटेनर असे एकामागोमाग तुंबले आणि हॉर्नचा नुसता कल्ला उठला. तात्या कासावीस होऊन बघत होते.

"वाजवू द्या त्यांना," काकू म्हणाल्या, आणि माझा दंड सोडला.